आरसा धरणारा सूर्यभान

आमच्या बैठकीत एक काळापांढरा फोटो आहे. पाहुणे आले की त्याच्यापुढं थबकतात. कुणाला ती आकाशकंदिलाची चांदणी वाटते, कुणाला गोखरूचा काटा. माझे यजमान अप्पाराव गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "हे आमचे जावई. पोरीनं यांच्यामागं काही वर्षं घालवली." मग पाहुणे माझ्याकडं बघतात आणि खरं काय ते मला सांगावं लागतं. हा ॲडिनोव्हायरस. साथीत डोळे येतात, लाल होऊन चिकटतात, त्याला कारण होणाऱ्या विषाणूंपैकी एक. आमची मुलगी गोदावरी इथल्या विद्यापीठात त्याच्या रचनेचा अभ्यास करत होती, आणि हा फोटो तिच्यासाठी सूर्यभाननं काढला.

सूर्यभान कोण, हे मात्र पाहुणे विचारत नाहीत. तेवढ्यात चहा येतो आणि बोलणं दुसरीकडं वळतं. आज घर निजलंय, गोदूचा पुण्याहून फोन येऊन गेलाय, "प्रयोगशाळेतून निघताना हात धुतेस ना?" हे माझं नेहमीचं विचारून झालंय, आणि "आई, मी डॉक्टर झालेय" हे तिचं नेहमीचं उत्तरही ऐकून झालंय. झोप येत नाही. तेव्हा सूर्यभानचंच लिहिते.

सूर्यभान फर्दापूरचा. अजिंठ्याचा घाट उतरला की लागतं ते गाव. वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. आई बानाबाई लोकर कातायची आणि हंगामात मजुरीला जायची. सूर्यभानचं मन मेंढरांमागं रमलं नाही. तो लेण्यांकडं वळला. तेव्हा आतली चित्रं दाखवायची एक रीत होती. लेणं आत काळोखं. दारासमोर उन्हात एक माणूस मोठा आरसा धरून उभा राहायचा आणि ऊन आत फेकायचा. आतला दुसरा माणूस पांढऱ्या पत्र्यावर ते ऊन झेलायचा आणि भिंतीवर सोडायचा. मग गाईड काठीनं दाखवत बोलू लागायचा. सूर्यभान बाहेरच्या आरशाला होता.

"वहिनी, उजेड माझा आन चित्र दुसऱ्याचं," तो हसत सांगायचा. "मी उन्हाकडं बघायचो. आतून नुसतं 'वाहवा' ऐकू यायचं."

"रिकाम्या वेळी आत जाऊन बघायचंस की."

"गेलो की! पर मी आत गेलो तर बाहेर आरसा कोण धरनार? आत समदा अंधार."

त्या कामाचा एक नियम होता. उजेड एका जागी थांबू द्यायचा नाही. ऊन भिंतीवर फार वेळ राहिलं तर रंग उडतात, म्हणून आधी बाजूच्या दगडावर उजेड धरायचा, तिथं तो नीट जमला की हळूच चित्रावर आणायचा, पाहुण्यांनी पाहिलं की लगेच बाजूला घ्यायचा. सूर्यभानचा हात थांबला की गाईड आतून ओरडायचा, "ए सूर्यभान, भिंत भाजतो का काय?"

लेण्यांचे फोटो काढायला शहरातले एक छायाचित्रकार येत. त्यांना हा उजेड हलवणारा माणूस आवडला. त्यांनी त्याला पैठण गेटजवळच्या आपल्या स्टुडिओत आणलं, फिल्म धुणं आणि फोटो छापणं शिकवलं. पुढं चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीनं जुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्याची चित्रं फिल्मवर येत आणि ती धुवायला डार्करूमचा माणूस हवा होता. सूर्यभान तिथं लागला. लग्न झालेलं होतं. वच्छलाबाईंना घेऊन तो चिकलठाण्यातच राहू लागला.

हा सूक्ष्मदर्शक कसा असतो ते मला गोदूनं स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं होतं. साध्या उजेडात विषाणू दिसत नाही, तो फारच लहान. म्हणून उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरायचा. मसुरीच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळीवर विषाणूचा थेंब ठेवायचा, त्याच्याभोवती जड धातूच्या क्षाराचं पाणी वाळू द्यायचं. ते काळं उमटतं आणि मधला विषाणू पांढरा उठून दिसतो, जसं शाई सांडलेल्या कागदावर खडीसाखरेचा खडा पडून राहावा.

तिनं लग्नपत्रिका कापून त्याचं रूपही करून दाखवलं. वीस त्रिकोण जोडले, बारा कोपरे झाले. प्रत्येक कोपऱ्यावर खराट्याची एकेक काडी लावली आणि काडीच्या टोकाला मी संक्रांतीसाठी केलेल्या हलव्याचा दाणा चिकटवला.

"अगं, तो हलवा गळ्यातल्या हारासाठी होता!"

"याच्याही गळ्यातलाच आहे, आई. या काड्या म्हणजे त्याचे तंतू. डोळ्याच्या पेशीला हा आधी याच तंतूनं चिकटतो. मला त्यांची लांबी मोजायचीय."

घोडं तिथंच अडलं होतं. साथीत डोळे आलेल्या मुलांकडून तिनं विषाणू गोळा केले होते, वाढवले होते, शुद्ध केले होते. पण कंपनीच्या परवानगीनं तिथल्या सूक्ष्मदर्शकावर काढलेल्या फोटोत त्यांचे कोपरे बोडके यायचे. वीस बाजू दिसत, तंतू दिसत नसत. कंपनीच्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला लागून पत्रे ठोकणारा कारखाना होता. तिथली प्रेस तिन्ही पाळ्यांत चालायची आणि प्रत्येक ठोक्याला खोली थरथरायची. बारीक तंतू त्या थरथरीत पुसून जात असावेत, असं गोदूचे मार्गदर्शक पुंडलिक सर म्हणत. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला काम करावं, तर त्या दिवशी त्या भागाची वीजच बंद. त्यात कंपनीनं संशोधन विभाग गुंडाळायचं ठरवलं. जानेवारी संपायच्या आत सूक्ष्मदर्शक खोक्यात भरून जाणार होता. तंतू दिसला नाही तर गोदूचा प्रबंध अर्धाच राहणार होता. पुण्याला जाऊन पुन्हा सुरुवात करायची म्हणजे आणखी वर्षं, आणि तिथल्या यंत्रावर वेळ मिळेल याचा भरवसा नाही.

ते चौऱ्याण्णव साल. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. सोळा वर्षं हा प्रश्न शहराच्या उरावर होता. आमच्या देवगाव रंगारीच्या नातलगांत नावाला विरोध करणारे होते, आणि पुंडलिक सरांनी विद्यार्थी असताना याच नावासाठी तुरुंग पाहिला होता. संध्याकाळी सर घरी आले. दारातच म्हणाले, "गोदावरी, प्रबंधावर आता पूर्ण नाव लिहायचं." एरवी इतकं मोजकं बोलणारा हा माणूस, पण तिळगूळ हातात धरून ते बराच वेळ तुरुंगातल्या दिवसांचं सांगत राहिले. मला त्यांच्या आनंदानं भरून आलं आणि त्याच वेळी उद्याची धास्तीही वाटली. गल्लीत कुणी म्हणत होतं बंद आहे, कुणी म्हणत होतं संचारबंदी लागणार. अप्पाराव वाळूजला पाळीवर होते आणि बस नसल्यामुळं तिथंच अडकले होते.

सर गेले आणि सूर्यभान आला. लुना बाहेर लावून आत येऊन उभाच राहिला.

"गोदाताई, शेजारच्या कारखान्यानं उद्या सुट्टी जाहीर केली. प्रेस बंद."

"आणि वीज?"

"वीज चालू! साप्ताहिक सुट्टी थोडीच हाय. मी आमच्या यंत्रावरच्या साहेबांना फोन केला. ते म्हनले, 'मला येता येनार नाय, तूच यंत्र चालव.' असा दिवस परत यायचा नाय, ताई."

गोदू चप्पल शोधू लागली, जणू लगेचच निघायचं होतं. मी मध्ये उभी राहिले. "उद्या कर आहे," मी म्हणाले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कुणी कामाला हात घालत नाही, प्रवासाला निघत नाही. "करीच्या दिवशी कसलं काम सुरू करायचं? आणि रस्त्यावर काय होईल कुणी सांगावं?"

"वहिनी, करीला काम सुरू करायचं नसतं, व्हय ना? हे तर संपवायचं काम हाय."

"शब्दात पकडू नकोस मला, सूर्यभान."

तो गंभीर झाला. "ताईला मी नेतो तशी आनून सोडतो. माझ्या जिवावर. नाय म्हनलात तर नाय."

मी गोदूकडं पाहिलं. ती सापडलेली चप्पल पुन्हा जागेवर ठेवत होती आणि तेच मला सहन होईना. मी म्हणाले, "मग मीही येते."

सकाळी तो सांडूचा टेम्पो घेऊन आला. सांडू चिकलठाण्याचा दूधवाला, त्याच्या ओळखीचा. दुधाच्या गाडीला कुणी अडवत नाही, हा सूर्यभानचा हिशेब. मी आणि गोदू कॅनच्या मधे बसलो. जालना रोड इतका मोकळा मी कधीच पाहिला नव्हता. चौकात पोलिसांनी थांबवलंच.

"काय आहे?"

"दूध हाय, साहेब," सांडू म्हणाला.

"आणि या बाई?"

"त्या दुधाच्या राखनीला. मांजरी लई झाल्यात."

पोलीस हसला नाही, पण जाऊ दिलं. मी डब्यातले दोन तिळगुळाचे लाडू त्याच्या हातावर ठेवले. तेव्हा मात्र तो ओशाळून म्हणाला, "बाई, लवकर घरी जा."

कारखान्यांची रांगच्या रांग गप्प होती. एरवी तिथं शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागतं. त्या दिवशी कावळ्याच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. सूर्यभाननं सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जाऊन जमिनीवर तळहात टेकला. "बघा, वहिनी." मीही टेकला. फरशी दगडासारखी निवांत होती.

खोलीत काळोख केला. माणसाच्या उंचीचा लोखंडी खांब, खाली जाड काचेची खिडकी, आत हिरवट उजेडाचा पडदा. एरवी यंत्राच्या बटणांवर साहेब बसत आणि सूर्यभान फक्त फिल्म सांभाळे. आज तो साहेबांच्या खुर्चीवर बसला, पण निम्म्याच खुर्चीवर. गोदूनं चिमट्यानं जाळी आत सरकवली. काचेतून मला आधी नुसते डाग दिसले. मग त्या डागांना कोपरे आले. गोदूनं लग्नपत्रिका कापून केलेल्या त्या खेळण्यासारखे सहा बाजूंचे दिसणारे पांढरे ठिपके, शेजारी शेजारी.

"हे मुलांच्या डोळ्यांतले?" मी विचारलं.

"हो, आई."

मी नकळत पदराला हात पुसले. सूर्यभान म्हणाला, "घाबरू नका, वहिनी. ते तिथं मेलेलंच असतंय."

कितीतरी वेळ दोघं हळू आवाजात बोलत राहिली. "थोडं डावीकडं, काका." "हां, हां." "हा चांगला आहे. घ्या." फोटो घेताना पडदा वर उचलला जातो आणि झोत खालच्या फिल्मवर पडतो, तेव्हा बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. खोकल्यानं खोली हलेल या भीतीनं मी तोंडाला पदर लावून बसले होते.

फिल्म संपल्या. सूर्यभान डार्करूममध्ये गेला. बाहेर आला तेव्हा ओल्या फिल्म चिमट्यांत लटकत होत्या आणि त्याचा चेहरा उतरला होता. गोदूनं एक फिल्म उजेडापुढं धरली. मग दुसरी. मग तिसरी.

"काका, या सगळ्या फिक्या आहेत. काहीच उमटलेलं नाही. झोत कमी केला होतात?"

तो लटकणाऱ्या फिल्मचे चिमटे सारखे करू लागला.

"काका, मी विचारतेय."

"ताई, दर वेळी फोटोच्या आधी हात आपोआप खाली गेला. आधी बाजूच्या जागेवर नीट जमवलं, उजेड बारीक केला, मंग तुमचं ते पुढ्यात आनलं." त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "लेन्यातली सवय. चित्र भाजू नये म्हनून. साहेब शेजारी असते तर त्यांनी हटकलं असतं."

"हे काय लेणं आहे?" गोदू ओरडली. माझ्या मुलीला मी इतक्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "शेवटचा दिवस होता हा, काका! शेवटचा!"

सूर्यभाननं मान खाली घातली. मला दोघांच्याही पाठीवर हात ठेवावासा वाटला. शेवटी डबा उघडला आणि म्हटलं, "आधी खाऊन घ्या." कुणीच खाल्लं नाही. शब्द दिल्याप्रमाणं त्यानं आम्हाला टेम्पोतून घरी सोडलं, आणि चहाही न घेता गेला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. प्रेस पुन्हा ठोकू लागली, यंत्राचे भाग सुटे होऊ लागले. गोदू फिक्या फिल्म पाकिटात ठेवून त्यांच्याकडं बघतही नव्हती. जेवण पुढं केलं की "नंतर" म्हणायची. आईचा जीव अशा वेळी काय करतो ते सांगत नाही, आयांना ते ठाऊक आहे.

मग एका दुपारी सूर्यभान आला, सोबत वच्छलाबाई. त्यांनी आत येताच मला कुंकू लावलं, वाण म्हणून गाजर-बोरं दिली आणि नवऱ्याकडं बोट केलं. "ताई, यांना चार दिवस अन्न गोड लागलं नाय. तुमच्या पोरीला सांगा, रागवायचं तर एकदाच रागव आन मोकळी हो."

गोदू बाहेर आली. सूर्यभानच्या हातात काळ्या कागदात गुंडाळलेलं पाकीट होतं. "ताई, हा कडक कागद. जुन्या स्टुडिओतनं मागून आनला. फिकी फिल्म असली की यावर छापायची, काळं जास्त काळं येतं, पांढरं जास्त पांढरं. लग्नाचे बिघडलेले फोटो आमी असेच सुधारायचो. नवरीचं नाक यायचं बघा."

गोदूला हसू आलं. ते दाबायला तिनं ओठ चावले, तरी आलंच. "चला, काका," ती म्हणाली.

पैठण गेटच्या त्या स्टुडिओत मी नव्हते. पुढचं मला गोदूनं सांगितलं. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात सोडला. बराच वेळ नुसता करडा रंग. मग एक कोपरा आला, दुसरा आला. सूर्यभान थाळी हलवत होता. कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली आणि तिच्या टोकाला गोल दाणा. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. गोदूला वाटलं कागदावर ओरखडा पडलाय. दुसरी फिल्म छापली. त्यातही तंतू होते.

पुंडलिक सरांनी भिंग लावून ते फोटो फार वेळ पाहिले, आणि मग दोघांनी बसून कारण शोधलं. थरथर हे अर्धं कारण होतं. दुसरं म्हणजे झोत. तीव्र झोतात जाळीवरचा वाळलेला क्षार तापून त्याचे कण गोळा होत आणि नाजूक तंतू त्यांत बुडून जात. साहेब जागा शोधताना, जमवताना, फोटो घेताना सगळा वेळ पुऱ्या झोतात तेच ठिपके ठेवत. सूर्यभाननं ते भाजू दिले नव्हते. फिल्म मात्र त्यानं फिकी केली होती, हेही तितकंच खरं, आणि कडक कागद नसता तर त्या तशाच पाकिटात राहिल्या असत्या. हे सगळं सांगितलं तेव्हा तो गोदूला एवढंच म्हणाला, "म्हंजे चूक झाली ती झालीच ना, ताई?"

"झाली, काका. पण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती."

तंतू मोजले गेले. प्रबंध पूर्ण झाला. त्यावर विद्यापीठाचं पूर्ण नाव आहे, आणि ऋणनिर्देशात पुंडलिक सरांच्या पाठोपाठ सूर्यभानचं. तो त्यानं वाचला की नाही ठाऊक नाही. पण वच्छलाबाईंनी ते पान हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवलं, हे मला पक्कं माहीत आहे.

सूक्ष्मदर्शक गेल्यावर कंपनीनं सूर्यभानला दुसरीकडं बसवलं. तिथं त्याचं मन लागलं नाही. तो फर्दापूरला परतला आणि पर्यटकांसाठी छोटं फोटोचं दुकान टाकलं. गेल्या महिन्यात गोदू पुण्याहून आली तेव्हा आम्ही तिघं त्याला भेटायला गेलो. तिनं विषाणूचा फोटो मोठा करून चौकटीत बसवून नेला होता. सूर्यभाननं तो दुकानात देवाच्या तसबिरीखाली लावला. अप्पाराव म्हणाले, "जावई दोन घरी झाले की हो."

मग गोदू म्हणाली, "काका, लेण्यात चला."

ती रीत अजून पुरती गेलेली नाही; आरसा आता बद्रीनाथ नावाचा त्याच्याच गावचा माणूस धरतो. गोदूनं त्याच्याशी काहीतरी कुजबूज केली आणि आरसा स्वतःच्या हातात घेतला. भर उन्हात, डोळे बारीक करून, ती लेण्याच्या दारासमोर उभी राहिली.

"आत जा, काका."

"ताई, हे काय..."

"जा म्हणते ना. आज उजेड माझा."

बद्रीनाथनं आत पत्रा धरला. उजेड आधी छतावर गेला, मग खांबावर, मग लडखडत भिंतीवर आला. अंधारातून एक चेहरा उमटला, खाली झुकलेले डोळे, हातात कमळ. मी सूर्यभानच्या शेजारी उभी होते. त्यानं टोपी काढून छातीशी धरली. आजवर बाहेर ऐकलेली 'वाहवा' त्याच्या तोंडून मात्र निघाली नाही.

"दिसतंय का, काका?" बाहेरून गोदूनं विचारलं.

"दिसतंय, ताई. लई चांगलं दिसतंय." मग मोठ्यानं, "पर हलवा जरा. एका जागी ठेवू नका!"